खरेदीखत खरे होते

घराचा माग काढताना आम्ही अभिलेखागारात आधी पत्ता हाती घेतो, मालकाचे नाव नंतर. जुन्या जर्मन शहरांच्या छापील पत्तापुस्तकांत रस्तानिहाय एक भाग असे आणि त्यात प्रत्येक घराखाली मालक, भाडेकरू, त्यांचे व्यवसाय व मजले दिलेले असत. धर्म दिलेला नसे. त्यामुळे घर ज्यू कुटुंबाचे होते की नाही हे त्या पुस्तकावरून कळत नाही, आणि आडनावांवरून याद्या करणाऱ्या हौशी संशोधकांच्या चुका निस्तरण्यात आमचे बरेच तास जातात.

ज्या घराविषयी लिहितो आहे ते बांबर्गमधील. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या व्यापाराची बांबर्ग आणि न्यूरेंबर्ग ही मोठी केंद्रे होती. त्या व्यापाराचा मोठा भाग ज्यू पेढ्यांच्या हाती होता आणि बांबर्गच्या हाइन भागातील काही देखण्या हवेल्या त्याच पैशातून उभ्या राहिल्या. हे घर तेवढे भव्य नव्हते. मालक मध्यम पेढीचा व्यापारी होता, आणि १९३९ च्या फेब्रुवारीत ते घर त्याच शहरातील एका कारागिराने विकत घेतले. घरावर लावायच्या माहितीफलकाचा मजकूर माझ्याकडे आला, तेव्हा त्या खरेदीदाराचे नातू मूळ खरेदीखत घेऊन भेटीस आले. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आजोबांनी ठरलेली किंमत पै-पै करून चुकती केली आहे, तर फलकावर ‘बळकावले’ असा सूर येऊ नये.

खत खरे होते. नोटरीचा शिक्का, सरकारी मंजुरी, भूनोंदवहीत (आपल्या फेरफारासारखी) झालेली नोंद, सारे जागच्या जागी होते. विकणाऱ्याच्या नावात कायद्याने सक्तीचे केलेले ‘इस्रायल’ हे जादा नावही टंकलेले होते, कारण १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांना ते लावावेच लागे. किंमत ४०,००० राइखमार्क होती.

आमच्या डेटाबेसमध्ये घर मालकाच्या हातून कसे गेले या रकान्यासाठी ‘विक्री’ आणि ‘जप्ती’ असे दोनच पर्याय आहेत. ज्यांनी ते ठरवले त्यांनी करखात्याची एकही फाइल उघडून पाहिली नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ती उघडली. एप्रिल १९३८ च्या हुकुमानुसार ५,००० मार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला तिचे विवरण द्यावे लागले होते. या व्यापाऱ्याच्या विवरणात घर धरून एकूण ८०,००० मार्क होते. देश सोडायचा तर त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे २०,०००, पलायन-कर म्हणून द्यायचा होता. हा कर नाझींचा नव्हे. भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून १९३१ मध्ये आधीच्या सरकारने तो आणला होता, तेव्हा तो दोन लाखांवरील मालमत्तेला लागे, आणि १९३४ मध्ये ही मर्यादा ५०,००० वर आणली गेली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध झालेल्या दंगलीनंतर त्यांच्यावरच लादलेल्या एक अब्ज मार्कांच्या दंडातील त्याचा वाटा वीस टक्के, म्हणजे १६,००० झाला. उरले ४४,०००, आणि तेही गोठवलेल्या खात्यात. ते परदेशी नेण्यासाठी बदलून घ्यायचे, तर जून १९३८ नंतरच्या दराने किमान नव्वद टक्के कापले जात. ८०,००० ची मालमत्ता सीमेपलीकडे ४,४०० मार्कांच्या मोलाची उरत होती, आणि हाही वरच्या बाजूचा अंदाज आहे. फाइलमध्ये सोबत नेण्याच्या सामानाची यादीही आहे: कोणती वस्तू १९३३ पूर्वीची, कोणती नंतरची आणि कोणती प्रवासासाठी नवी घेतलेली, अशी चमचे व रुमालांपर्यंत विभागणी. चांदीचे चमचे त्यात फारसे नाहीत. फेब्रुवारी १९३९ च्या आदेशाने सोने-चांदी सरकारी तारणगृहांत जमा करावी लागली होती.

हे सारे मी त्या गृहस्थांना दाखवले. ते म्हणाले, “याच्याशी आजोबांचा काय संबंध? त्यांनी कर लावला नव्हता.” ते बरोबर बोलत होते. मग मी त्यांच्याच खतातील कलम दाखवले: किंमत विकणाऱ्याच्या हाती न देता त्या गोठवलेल्या खात्यात भरावी. त्याखाली आजोबांची सही होती. त्यांनी ते कलम पुन्हा वाचले आणि विचारले, “नोटरीने पुढे ठेवले, त्यांनी सही केली. यापेक्षा वेगळे त्यांना काय करता आले असते?” घर न घेणे शक्य होते, असे उत्तर माझ्या मनात आले. मी ते दिले नाही, कारण ते दुसऱ्याच कुणीतरी घेतले असते हेही मला माहीत होते.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जर्मन विभागात नोव्हेंबर १९४७ मध्ये लागू झालेल्या परतफेड कायद्याने १५ सप्टेंबर १९३५ नंतरचे असे व्यवहार सक्तीचे मानले होते. किंमत रास्त होती एवढे दाखवणे खरेदीदाराला पुरेसे नव्हते, विकणारा ती मोकळेपणाने वापरू शकला हेही सिद्ध करावे लागे, आणि त्यापुढेही अटी होत्या. व्यापाऱ्याच्या वारसाने मुदतीत, म्हणजे १९४८ संपण्यापूर्वी, दावा केला आणि तडजोड होऊन आजोबांनी आणखी रक्कम भरून घर राखले. “म्हणजे त्यांनी दोनदा पैसे दिले,” ते म्हणाले. हेही खोटे नाही. त्यांच्या घरात ही तडजोड कुणी कधी बोलून का दाखवली नाही, हे मात्र त्यांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

आमच्या वरिष्ठांचा आग्रह आहे की फलकावर जागा कमी असल्याने ‘१९३९ मध्ये विकले’ एवढेच लिहावे. नातवांना त्यात किंमतही हवी आहे. किंमत द्यायची असेल तर ती कोणत्या खात्यात गेली हेही द्यावे, नाहीतर दोन्ही वगळून १९३९ च्या जोडीला तडजोडीचे वर्ष तरी द्यावे, असे मी लेखी कळवले आहे.