थर्माकोलचा डबा, आलं आणि सात मेगाहर्ट्झ

मला दोन छंद आहेत आणि लग्नकार्यात कुणी विचारलं तर दोन्ही धड सांगता येत नाहीत. एक हॅम रेडिओ, म्हणजे ट्रान्समीटर स्वतः जोडायचा आणि त्यावरून लांबच्या माणसांशी बोलायचं. दुसरा, बाटल्यांमध्ये काहीतरी आंबवत ठेवायचं. आंबवतो म्हटलं की समोरचा लगेच डोळे बारीक करतो, म्हणून आधीच सांगतो, बिअर नाही बाबा, आल्याचं सरबत आहे, फसफसणारं.

खरं तर ओढ बिअरचीच लागली होती. आतेभाऊ इंग्लंडला असतो, तो घरी करतो. तिकडे १९६३ पासून घरगुती बिअरला लायसनच लागत नाही, अमेरिकेत ती परवानगी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरच्या सहीने मिळाली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं सरळ गुन्हा. पण गंमत बघा, त्याच १९७८ साली आपल्या सरकारने हौशी रेडिओचे नियम काढले, त्यात परीक्षा पास झालात आणि लायसन मिळालं की ट्रान्समीटर घरच्या टेबलावर स्वतः बनवा म्हणतात. वय फक्त १२ पूर्ण पाहिजे. म्हणजे परदेशात आवाज पोचवणारं यंत्र साताऱ्यातल्या माझ्या माळ्यावर चालतं, बादलीभर बिअर चालत नाही. असो.

रेडिओ जो बनवलाय तो बिटएक्स जातीचा, म्हणजे बोलणं-ऐकणं दोन्ही करणारा, घरी जोडता येणारा सेट. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी तो डिझाइन केला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. मला आवडलं ते हे की त्यांनी आपल्या देशात काय मिळतं याचा विचार करून तो काढलाय. कॉइल गुंडाळायला टोरॉइड, म्हणजे खास कडी लागतात, ते गावात कुठे मिळणार, तर त्यांनी मूळ सर्किटमध्ये नळाचे वायसर वापरले! हार्डवेअरच्या दुकानातले. तांब्याची तार मी मोटर रिवायंडिंगवाल्याकडून घेतली, शेतीपंपांमुळे ती दुकानं इथे पावलापावलावर आहेत, तो ग्रॅमवर वजन करून देतो आणि दर वेळी विचारतो, एवढ्याशा तारेत कुठली मोटर भरताय वो? क्रिस्टल, म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला कंप पावणारा छोटा स्फटिक, त्यासाठी मात्र पुणं, पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. १० मेगाहर्ट्झचे मूठभर आणायचे आणि एकेक ऑसिलेटरमध्ये, म्हणजे त्याला कंप पावायला लावणाऱ्या सर्किटमध्ये, घालून मोजत बसायचं, सगळ्यांवर छापलेलं सेम असतं पण प्रत्येक जण थोडा थोडा वेगळा वाजतो, त्यातले शंभर हर्ट्झच्या आत जुळणारे चार निवडले की नको ते आवाज गाळणारा फिल्टर चांगला होतो. ही निवड करताना माझा अख्खा रविवार जातो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

अँटेना म्हणजे चाळीस मीटर बँडचा, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा, डायपोल. १४३ ला फ्रिक्वेन्सीने भागायचं, ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटरच्या आसपास तार येते, ती मधोमध कापून दोन बाजूंना ताणायची. माझी एक बाजू गच्चीवरच्या टाकीपासून शेवग्यापर्यंत जाते, शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर पंचा वाळत घातला होता. पाच-सहा वॅट पॉवर, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बएवढी, तरी सकाळी पुणं, हुबळी, हैदराबाद आरामात होतं, कारण लाटा सरळ जात नाहीत, वर आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराला, आपटून खाली येतात, नाहीतर मला अजिंक्यताऱ्याच्या पलीकडचं काही ऐकूच आलं नसतं. आणि लाइट गेली की घरात एकटा मी खूश. बल्ब, चार्जर, सगळ्या गल्लीचा रेडिओतला खरखराट एका झटक्यात बंद, मी बारा व्होल्टच्या बॅटरीवर बसून सीक्यू, म्हणजे कुणी आहे का अशी हाक, देतोय आणि आई खालून ओरडतेय, अरे आधी मेणबत्ती कुठंय ते सांग.

आता आलं. साताऱ्यात राहून आलं विकत आणायला फार विचार करावा लागत नाही, कोरेगाव पट्ट्यातले लोक भाव सांगताना किलोत बोलतच नाहीत, गाडीत बोलतात, एक गाडी म्हणजे ५०० किलो. मला लागतं पाव किलो. धुवायचं पण सोलायचं नाही, कारण यीस्ट सालीवर असतं. किसून, साखर घालून बरणीत पाण्यात ठेवायचं, रोज थोडं आलं थोडी साखर, काही दिवसांत बुडबुडे यायला लागतात, तेच विरजण. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरायचं, नाहीतर क्लोरीन काम बिघडवतं. मग गाळून, लिंबू आणि साखरपाणी घालून बाटल्या भरायच्या. काचेच्या बाटल्यांचा नाद करू नका, फुटतात, प्लास्टिकची बाटली दाबून बघता येते, कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. जास्त दिवस बाहेर ठेवलं तर तेही अल्कोहोलकडेच चाललेलं असतं, म्हणून मी ताणत नाही.

हे दोन छंद आमच्या घरात एकत्र नांदतात त्याचं कारण एकच, तापमान. इतर सगळं शिकता येतं, सर्किट येतं, चव येते, पण खोलीचं तापमान दोघांनाही छळतं. मे महिन्यात दुपारी माळ्यावर बसवत नाही, तेव्हा बाटली एका रात्रीत दगड होते आणि जानेवारीत तीच बाटली आठवडाभर हलायला तयार नसते. रेडिओचंही तेच. फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग म्हणजे व्हीएफओ, साध्या कॉइल-कपॅसिटरचा असला तर गरम झाला की सरकतो, समोरच्याचा आवाज हळूहळू कार्टूनमधल्या बदकासारखा व्हायला लागतो आणि आपण बटण फिरवत त्याच्या मागे धावतोय. तापमानाने फारसे न बदलणारे एनपीओ कपॅसिटर घातले, फरक पडला, पूर्ण गेलं नाही. (साय५३५१ नावाची फ्रिक्वेन्सी बनवणारी चिप आणि तिला चालवणारा आर्डुइनो बोर्ड लावला की प्रश्न मिटतो, सगळे तेच सांगतात, मलाही माहितेय, पण मला कॉइलच आवडते, काय करू.)

भावाने पाठवलेल्या हायड्रोमीटरवरसुद्धा २० डिग्री छापलंय, म्हणजे गोडी मोजायची तरी आधी तापमान बघा.

उपाय निघाला तो एका थर्माकोलच्या डब्यातून. त्यात बाटल्या, थंडीत एक छोटा बल्ब, उन्हाळ्यात बर्फ केलेली पाण्याची बाटली, आणि बाहेर एक स्वस्तातला थर्मोस्टॅट. चालू केल्यावर लक्षात आलं की हे तर क्रिस्टल ओव्हन आहे! चांगल्या महागड्या यंत्रांत क्रिस्टलला असंच गरम पेटीत, एका तापमानाला बांधून ठेवतात. मग काय, तसाच छोटा डबा व्हीएफओला केला, आता चालू करून अर्धा तास थांबलं की गप्पा संपेपर्यंत फ्रिक्वेन्सी जागेवर असते. फक्त एक भानगड, बाटल्यांच्या थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे आतलं आपोआप पडणारं बटण, पडला की रेडिओत टक्क वाजतं, वायरीला फेराइटचं कडं घातलं, थोडं कमी झालं. हुबळीच्या एका काकांनी परवा ऐकून विचारलं की मागे काय वाजतंय, म्हटलं आलं आहे, त्यांना वाटलं आवाज तुटतोय, त्यांनी मला परत रिपोर्ट दिला फाइव्ह नाइन, म्हणजे आवाज एकदम स्पष्ट येतोय.

बायकोला रेडिओचं काही नाही, पण सरबत आवडतं, तिची एकच तक्रार की आलं फार झणझणीत लागतं. पुढच्या खेपेला निम्मं आलं आणि थोडी वेलची घालून बघणारे. साताऱ्यात कुणाला विरजण हवं असेल तर बरणी घेऊन या, क्रिस्टल मात्र मागू नका.