जनरल रजिस्टर दाखवा

मी टूर मॅनेजर आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सहली नेते, या वर्षी अकरावा सीझन. "मजा आहे बाई तुमची, फुकटात जग फिरता," असं म्हणणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. माझं खरं काम माणसं मोजण्याचं आहे. हॉटेलातून निघताना बेचाळीस, पेट्रोलपंपावरच्या थांब्यानंतर बेचाळीस, जेवणानंतर बेचाळीस. शिवाय सीट रोटेशन. कोचच्या पुढच्या दोन रांगांसाठी सख्खे व्याही एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. आणि ड्रायव्हरचे तास! साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती, दिवसाची हद्द ठरलेली, सगळी नोंद गाडीतल्या टॅकोग्राफवर. तिथे "दादा, जरा अॅडजस्ट करा ना" चालत नाही. तास भरले की ड्रायव्हर गाडी बाजूला लावतो, मग आत कुणाचे आजोबा असोत की पंतप्रधान.

या सगळ्यात माहिती सांगणं हे माझं सगळ्यात कमी वेळाचं काम. आणि ही गोष्ट नेमकी त्यातलीच आहे.

लंडनहून मँचेस्टरला जाताना वाटेत स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन लागतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत शेक्सपिअरला चाळीस मिनिटं आणि आउटलेट मॉलला दोन तास असतात. कुणी ठरवलं विचारू नका. ठरवणारा माणूस ऑफिसात बसतो आणि त्याने स्ट्रॅटफर्ड पाहिलेलं नाही. चाळीस मिनिटांत हेन्ली स्ट्रीटवरचं जन्मघर बाहेरून, फोटो, स्वच्छतागृह. वेळ उरलाच तर चर्च स्ट्रीटपर्यंत चालत. तिथे काळ्या लाकडी पट्ट्यांची, वरचा मजला रस्त्यावर जरासा पुढे आलेली लांबलचक पांढरी इमारत आहे. खाली गिल्डहॉल, म्हणजे गावच्या जुन्या संघाचं सभागृह, वर शाळा. त्या इमारतीसमोर उभं राहून मी दहा वर्षं एकच वाक्य म्हणत आले: "मंडळी, या शाळेत शेक्सपिअर शिकला, आणि आतल्या बाकावर त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय."

बाकाचं मला पहिल्या सीझनला एका सीनिअरने सांगितलं होतं. तो माणूस माइकवर फार छान बोलतो. त्याने सांगितलेल्या निम्म्या गोष्टी मी नंतर गुपचूप गाळल्या. बाक मात्र राहून गेला, कारण बाक म्हटलं की लोक कॅमेरे काढतात.

गेल्या मे महिन्यातल्या ग्रुपमध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. सगळी बस त्यांना 'सर'च म्हणायची. त्यांनी मुंबई विमानतळावरच मला सांगून ठेवलं होतं, "मॅडम, बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल. ती शाळा मात्र आतून बघायची." तिकीट आपापलं काढायच्या बोलीवर सतरा जण तयार झाले. बाकीचे फ्रिजचे मॅग्नेट घ्यायला पांगले.

मीही आत पहिल्यांदाच जात होते. हे लिहितानासुद्धा ओशाळल्यासारखं होतंय.

वरची खोली बघण्यासारखी आहे. उघड्या तुळयांचं छप्पर, वाकलेली जमीन, कडेने जुनी बाकं. शाळा अजून चालू आहे. आवारात ब्लेझर घातलेली मुलं दप्तरं घेऊन जाताना दिसली. आत सोळाव्या शतकातल्या मास्तराचा झगा घातलेला एक गृहस्थ पर्यटकांचा लॅटिनचा तास घेतो. त्याने आम्हाला बाकांवर बसवलं, हाताची घडी घालायला लावली आणि एक नाम चालवून दाखवलं: मेन्सा, मेन्सा, मेन्साम. त्याचं संपतंय तोच मागच्या बाकावरून तीन आवाज एकदम आले, "रामः रामौ रामाः!" सर, त्यांची बायको आणि सांगलीचे एक बँकवाले काका. मास्तर दचकला आणि मग इतका हसला की त्याची टोपी पडली. अकरा वर्षांत माझ्या ग्रुपचा इतका अभिमान मला क्वचित वाटला असेल.

तास संपल्यावर सरांनी हात वर केला. मला म्हणाले, "मॅडम, यांना विचारा, जनरल रजिस्टर कुठाय? शेक्सपिअरचा नंबर किती?"

ज्यांचा आपल्याकडच्या शाळांशी संबंध आला आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचं कायमचं दप्तर. मुलाचं नाव, वडलांचं नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गात आला, कधी गेला, वर्तणूक. दाखला त्यावरून निघतो. जात पडताळणीला पणजोबाचा उतारा लागतो तो त्यातूनच. कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली शाळाशाळांतून जुनी दप्तरं उघडली, तेव्हा सरांना निवृत्त असूनही बोलावून नेलं होतं. जुन्या कारकुनाचं अक्षर आता फक्त त्यांनाच लागतं. त्यांच्या लेखी माणूस शाळेत होता याचा अर्थ एकच, त्याचा नंबर आहे.

मी विचारलं. मास्तर नाटक सोडून साध्या आवाजात बोलला. त्या काळातलं मुलांचं एकही रजिस्टर उरलेलं नाही. तो इथेच शिकला असं सगळे मानतात, मानायला कारणंही भक्कम आहेत, पण त्याचं नाव असलेला शाळेचा कागद नाही. आणि कोरलेल्या नावाचा बाक? त्यावर त्याने नुसती मान हलवली.

सतरा चेहरे माझ्याकडे बघत होते. तासाभरापूर्वी रस्त्यात उभं राहून मी त्यांना बाक सांगितला होता. मी म्हणाले, "आहे म्हणतायत रजिस्टर. पण जपून ठेवलंय, सगळ्यांना दाखवत नाहीत."

इतकं सहज निघालं तोंडातून. सरांनी माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि पेन खिशाला लावलं.

दोन वाजता कोच सुटायचा होता. मी मोजलं, एकेचाळीस. परत मोजलं, एकेचाळीस. सरांच्या पत्नी शांतपणे पोळीचा लाडू खात होत्या. "ते येतील. काहीतरी राहिलं असेल विचारायचं." ड्रायव्हरने घड्याळाकडे बोट केलं. सात वाजता मँचेस्टरच्या हॉटेलात जेवण, चौघांचं जैन, आणि एम सिक्स महामार्गावर शुक्रवारची गर्दी. मी धावत सुटले.

सर गिल्डहॉलमध्ये, तळमजल्यावर भेटले. कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहीत होते, आणि तो झगेवाला मास्तर त्यांना एकेक अक्षर सुटं करून सांगत होता. मी धापा टाकत उभी राहिले. कागदावर चार ओळी होत्या.

वॉल्टर रोश, १५६९ ते १५७१.
सायमन हंट, १५७१ ते १५७५.
टॉमस जेंकिन्स, १५७५ ते १५७९.
जॉन कॉटम, १५७९ ते १५८१.

"हे मास्तर," सर म्हणाले. "शेक्सपिअरच्या वयाच्या पोरांना शिकवणारे. यांची नावं पक्की. पगार वर्षाला वीस पौंड आणि राहायला घर. आणि पोराचं नाव कुठंच नाही, बघा गंमत! पगार नगरपालिका द्यायची ना. पैशाचं ऑडिट होतं. पोरांचं कोण ऑडिट करतंय?"

परत चालत येताना त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून मला धावता येईना. चॅपल स्ट्रीटवर ते म्हणाले, "पोरी, तो वर काय म्हणाला ते मला कळलं होतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. उच्चार जड जातो, पण 'नो रजिस्टर' एवढं कळतं."

मॅडमची पोरी झाले होते. मी विचारलं, "मग तिथेच का नाही बोललात, सर?"

"पोरांसमोर मास्तराची चूक काढायची नसते," म्हणाले. "वर्गात मागं बसायचं, ऐकायचं. लॉगबुकात नंतर लिहायचं."

पस्तीस मिनिटं उशीर झाला होता. आमच्या बसमध्ये उशिरा येणाऱ्याने गाणं म्हणायचा दंड असतो. सरांनी माइक घेऊन शाळेची प्रार्थना म्हटली, आणि दोन ओळी होताहोता अर्धी बस त्यांच्या मागून म्हणायला लागली. माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं. माइक माझ्याच हातात परत आला होता.

आमचा धंदा सप्टेंबरनंतर थंडावतो. त्या हिवाळ्यात मी ठाण्याच्या घरी बसून जे मिळेल ते वाचलं. सरांचं ऑडिटचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. त्या गावात ज्याला पैसे पडले ते सगळं लिहिलेलं आहे. शेक्सपिअरचे वडील जॉन हातमोजे शिवणारे. नगरपालिकेत चढत चढत १५६८ साली बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच झाले. त्यांच्या वर्षात फिरत्या नाटक मंडळ्या गावात आल्या, तेव्हा राणीच्या मंडळीला नऊ शिलिंग आणि वूस्टरच्या उमरावाच्या मंडळीला बारा पेन्स दिल्याची नोंद आहे. शाळेशेजारच्या चॅपलमधली, म्हणजे छोट्या चर्चमधली, जुनी चित्रं विद्रूप करायला दोन शिलिंग खर्च झाले, तेही आहे. तेव्हा हिशेब जॉनसाहेबांकडेच होता. शाळा त्याहून कितीतरी जुनी. १५५३ च्या जूनअखेर सहाव्या एडवर्डच्या सनदेने ती नव्याने नगरपालिकेच्या पदरात पडली आणि आठ दिवसांत तो पंधरा वर्षांचा राजा वारला. विल्यमचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत आहे, २६ एप्रिल १५६४. लग्नाचा परवाना १५८२ चा. मधली अठरा वर्षं कोरी. तो गावच्या मोफत शाळेत काही काळ होता, असं निकोलस रो याने चरित्रात छापलं ते १७०९ साली. माणूस जाऊन त्र्याण्णव वर्षं झाल्यावर.

जेंकिन्सपाशी मी जास्त रेंगाळले. ऑक्सफर्डचा शिकलेला, नावावरून वेल्श वाटणारा. शेक्सपिअरच्या 'मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये एक वेल्श पाद्री लहान मुलाची लॅटिनची उजळणी घेतो, आणि त्या मुलाचं नाव विल्यम आहे. त्यावरून हा पाद्री म्हणजेच जेंकिन्स असं म्हणणारे आहेत. मला ते फार आवडलं. एवढं आवडलं म्हणजे हासुद्धा नवा बाकच असणार, असा वहीम आला आणि मी ते माइकसाठी घेतलं नाही.

शाळेच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांत टिम पिगट-स्मिथ हा नट आहे. १९८४ च्या 'द ज्वेल इन द क्राउन' या मालिकेतला पोलीस अधिकारी मेरिक, राजवटीतला अगदी अंगावर येणारा गोरा साहेब, तो याने केला. हा विसाव्या शतकातला, त्यामुळे त्याचा नंबर कुठेतरी असेलच. पण त्याच्या नावाने कोच थांबत नाही.

सहलीच्या शेवटच्या रात्री आम्ही अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतो. 'उत्कृष्ट'वर किती टिकल्या यावर आमचा बोनस ठरतो, म्हणून बरेच मॅनेजर आदल्या दिवशी स्वतःच्या पैशाने आइस्क्रीम देतात. (मीही देते.) सरांनी जेवण, हॉटेल, वक्तशीरपणा या सगळ्यांपुढे 'उत्कृष्ट' केलं होतं. वक्तशीरपणापुढे कंसात 'विलंब माझ्यामुळे' असंही. 'दिलेली माहिती' यापुढे 'बरी'. खाली शेऱ्याच्या जागेत लाल पेनने, वळणदार अक्षरात: 'आवाज स्पष्ट. वर्गावर पकड उत्तम. पाठाची तयारी वाढवावी.' आणि सही, तारखेसह. ऑफिसातल्या पोरांनी तो फॉर्म हसत हसत एकमेकांना दाखवला. मी त्याची झेरॉक्स काढून घेतली.

या एप्रिलच्या पहिल्या ग्रुपला मी चर्च स्ट्रीटवर उभी राहून सगळं खरं सांगितलं. रजिस्टर नाही, बाक नाही, चार मास्तरांची नावं आहेत, ती मी कागदावरून वाचून दाखवली. कुणी फोटो काढला नाही. दोघी जणी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून गेल्या. नाशिकचे एक काका शेवटपर्यंत नीट ऐकत होते. संपल्यावर पुढे आले आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं म्हणाले, "म्हणजे तो इथं होता याचा कागदच नाही? मग तुम्ही आम्हाला इथं कशाला आणलंत?"

मी वर शाळेच्या खिडक्यांकडे बघितलं. आतून त्या मास्तराचा मेन्सा, मेन्सा, मेन्साम ऐकू येत होता. मी काकांना म्हटलं, "चला, आधी मोजू द्या."