दादाचा रक्तदाब आणि व्हीईजीएफ

रविवार, रात्री

सुनिटिनिब सुरू झाल्यापासून दादाचा रक्तदाब चढाच आहे. वहीत टिपून ठेवलेले आकडे आज वहिनीने फोनवर वाचून दाखवले आणि मग विचारले, "गोळी मूत्रपिंडाच्या कर्करोगाची, मग रक्तदाब का वाढावा? तू आयुष्यभर पेशीविज्ञान शिकवलेस, तर मला हे नीट समजावून सांग." फोनवर जमेल तेवढे सांगितले, परंतु हा प्रश्न फार मुळाशी जाणारा आहे, म्हणून सविस्तर उत्तर इथे लिहून ठेवते.

दादाच्या बायोप्सीच्या अहवालात 'क्लिअर सेल' असे लिहिले आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या प्रकारचे असतात आणि त्यांतील बहुतेकांत तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले आढळते. या जनुकाला जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल आणि स्वीडिश विकृतिशास्त्रज्ञ आर्विड लिंडाउ यांची नावे मिळाली, ती एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे. त्या कुटुंबांतील माणसांच्या दृष्टिपटलावर आणि लहान मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, आणि अनेकांना मूत्रपिंडाचा कर्करोगही होतो. १९९३ मध्ये त्या कुटुंबांच्या अभ्यासातून हे जनुक सापडले. आणि मग असे दिसले की ज्यांच्या घराण्यात असा आजार कधीच नव्हता, अशा रुग्णांच्या गाठींतही हेच जनुक हरपलेले असते. मोजक्या कुटुंबांनी सोसलेल्या दुखण्यातून जगभरच्या रुग्णांच्या उपचाराची वाट निघाली, याविषयी मला फार कृतज्ञता वाटते.

या जनुकाचे काम प्राणवायूशी निगडित आहे. आपल्या पेशींत हिफ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू पुरेसा असला की एक विकर (एन्झाइम) त्यावर खूण करते, व्हीएचएलचे प्रथिन ती खूण ओळखते आणि हिफची विल्हेवाट लागते. प्राणवायू कमी पडला की खूण होत नाही, हिफ टिकून राहते आणि टंचाईला तोंड देणारी कितीतरी जनुके जागी करते. पेशींना प्राणवायूची ही जाणीव कशी होते हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लिअर सेल कर्करोगात व्हीएचएलच नसल्यामुळे प्राणवायू मुबलक असतानाही हिफ साचत राहते. विहीर काठोकाठ भरलेली असताना तालुक्याला रोज टँकरची मागणी पाठवणाऱ्या गावासारखी त्या पेशीची स्थिती होते.

ती मागणी वृद्धिघटकांच्या, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनांच्या रूपाने बाहेर पडते. त्यांतील मुख्य व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा घटक. तो जवळच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींवरील ग्राहकांना (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे रिसेप्टरना) जाऊन चिकटतो आणि त्या पेशी वाढू लागतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. पीडीजीएफ त्या वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशींना बोलावतो. सुनिटिनिब या दोन्हींच्या ग्राहकांचे पेशीच्या आतील काम थांबवते. म्हणजे या औषधाचा रोख मुख्यतः कर्कपेशीवर नसून तिची हाक ऐकणाऱ्या रक्तवाहिन्यांवर असतो.

वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. कर्करोगाच्या गाठीने व्हीईजीएफ शोधून काढलेला नाही. तो शरीराचाच आहे आणि निरोगी अवयवांनाही रोज लागतो. त्याच्या संदेशामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि वाहिन्या सैल राहतात. संदेश तुटला की त्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंडातील गाळणीच्या केशवाहिन्याही याच घटकावर तगून असतात, म्हणून लघवीतील प्रथिने तपासावी लागतात. थायरॉइडमधील केशवाहिन्या ओसरतात आणि ग्रंथी मंदावते. दादाचा थकवा केवळ आजाराचा असे गृहीत न धरता ती तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी. केसांची गोष्ट तर विलक्षण आहे. सुनिटिनिब किट नावाच्या आणखी एका ग्राहकालाही अडवते आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी त्यावर अवलंबून असतात. चार आठवडे गोळी आणि दोन आठवडे विश्रांती अशा क्रमाने औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या एकाच केसावर पांढरे आणि काळे पट्टे आलटून पालटून उमटतात. औषध कुठवर पोहोचते आहे, याचा इतका उघड पुरावा क्वचितच पाहायला मिळतो.

या गोळीवर रक्तदाब वाढलेल्या रुग्णांत औषधाचा परिणाम सरासरीने अधिक चांगला दिसला, असेही अभ्यासांत आढळले आहे. मात्र एकट्या माणसाचे भाकीत त्यावरून करता येत नाही आणि वाढलेला दाब तसाच सोडणे धोक्याचे आहे. त्यासाठी वेगळी गोळी देता येते. मनाने सुनिटिनिब बंद करू नका, हे मी वहिनीला दोनदा सांगितले.

या औषधांपूर्वी काय होते, हे आठवले की आजच्या त्रासाचे मोल कळते. नेहमीची केमोथेरपी या कर्करोगावर जवळजवळ निरुपयोगी ठरली होती. रोगप्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या इंटरल्यूकिन-२ या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली, पण त्याचा टिकाऊ लाभ थोड्यांनाच होत असे. डिसेंबर २००५ मध्ये याच धर्तीचे सोराफेनिब आणि पाठोपाठ जानेवारी २००६ मध्ये सुनिटिनिब आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या चाचणीत आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ इंटरफेरॉन या जुन्या औषधावर ५ महिने, तर सुनिटिनिबवर ११ महिने होता. या आकड्यात दिलासा आहे आणि मर्यादाही. वाट अडवली की गाठ पुढेमागे मेट, एएक्सएल, एफजीएफ अशा दुसऱ्या संदेशमार्गांकडे वळते; कॅबोझँटिनिब आणि लेनव्हॅटिनिब ही नंतरची औषधे त्या आडवाटांवरही पहारा ठेवतात. व्हीईजीएफ रोगप्रतिकारक पेशींनाही दबवून ठेवतो, आणि म्हणून २०१९ पासून ॲक्सिटिनिबसारखी व्हीईजीएफचा संदेश अडवणारी गोळी पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्तीला बळ देणाऱ्या औषधासोबत देण्याची पद्धत रुळली. दादाच्या बाबतीतही या जोडीचा विचार झाला होता. ती त्याला परवडली नाही.

परवडण्याचा प्रश्न या औषधांच्या इतिहासात सुरुवातीपासूनच आहे. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे २,८०,००० रुपये होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातील पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची मुभा, हैदराबादच्या नॅटको कंपनीला मिळाला आणि तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांपेक्षा जास्त दराने न विकण्याचे बंधन तिच्यावर आले. पेटंटधारक बायर कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळली. वृद्धिघटकांचे विज्ञान प्रयोगशाळेतून रुग्णाच्या हातात पोहोचायचे, तर असे निर्णयही तितकेच आवश्यक असतात, असे माझे ठाम मत आहे.

झोपण्यापूर्वी बेल्झुटिफॅन या नव्या औषधाविषयी वाचले. ते व्हीईजीएफच्या मागे न लागता त्याच्याही वरच्या पायरीवर, हिफ-२ (हिफचाच एक प्रकार) वरच घाव घालते. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी मान्यता मिळाली आणि २०२३ च्या अखेरीस इतर उपचार घेऊन झालेल्या पुढच्या अवस्थेतील मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठीही. त्याचा नेहमी आढळणारा त्रास म्हणजे रक्तक्षय, आणि त्यामागचे कारण आता मला अनोळखी वाटत नाही: रक्तपेशी तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच, त्याच हिफ-२ च्या सांगण्यावरून तयार होते.