पेटी नंबर १ ची डायरी: राणी मेली त्या दिवसापासून पाडव्यापर्यंत

मधमाश्यांच्या पेट्या दोनच आहेत माझ्याकडे, दोन्ही मेलिफेरा या परदेशी जातीच्या, दहा फ्रेमवाल्या (फ्रेम म्हणजे पोळं बांधायची लाकडी चौकट), सासवडच्या पुढे मामांच्या शेतात बांधावरच्या आंब्याखाली. मी राहतो पुण्यात, त्यामुळे पेट्या बघणं म्हणजे शनिवार-रविवार नाहीतर सुट्टी. मामा मेलिफेराला इटालियन म्हणतात, आपल्याकडचे बरेच जण तसंच म्हणतात, आणि आपली देशी सातेरी माशी सोडून ही पाहुणी कशाला आणलीस हा त्यांचा दोन वर्षांपासूनचा प्रश्न आहे. पाहुणी म्हणावं तर ही १९६२ ला आजच्या हिमाचलमधल्या नगरोट्याला आणून रुळवली, म्हणजे वयानं मामांएवढीच. असो.

८ फेब्रुवारी, रविवार. हा दिवस शून्य धरा. पेटी १ मस्त चालली होती, सात फ्रेमवर पिलावा (म्हणजे घरांतली अंडी, अळ्या, कोष), राणी गेल्या वर्षीची, पाठीवर निळा ठिपका (राणीच्या जन्मवर्षाचा रंग ठरलेला असतो, २०२५ म्हणजे निळा). ऊन चढलं होतं, मला घाई होती, शेवटची फ्रेम आत सोडताना हलकं दाबायच्या ऐवजी जरा ढकललीच. दोन-तीन चिरडल्या, पिकल्या केळ्यासारखा वास आला, म्हणजे डंखाबरोबर सुटणारा धोक्याचा वास, आणि लगेच मनगटावर दोन बसले. धूर मारला, झाकण लावलं, निघालो. राणी बघितली नव्हती. अंडी दिसली होती म्हटल्यावर राणी आहेच, असा हिशोब.

१४ फेब्रुवारी. झाकण काढल्या काढल्याच आवाज वेगळा. नेहमीचा एकसुरी गुणगुण नाही, वरखाली होणारा, कण्हल्यासारखा. तिसऱ्या फ्रेमवर मधोमध शेंगदाण्याच्या टरफलासारखं खाली लोंबणारं राणीघर, म्हणजे नवी राणी वाढवायचं घर, मग अजून एक, मग चार, सगळी मिळून सात, त्यातली पाच मेणानं बंद झालेली. अंडं एकही नाही. आणि शेवटच्या फ्रेमच्या कडेला, फ्रेम आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये, सुकलेली चपटी राणी, निळा ठिपका अजून तसाच. खरं सांगतो, पाच मिनिटं बांधावर नुसता बसून होतो.

आता हिशोब. कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसात बाहेर येते, नर २४ आणि राणी फक्त १६. राणी गेल्याचं माश्यांना काही तासात कळतं, कारण तिचा वास एकमेकींच्या तोंडातून, मिशांतून सगळ्या पेटीत फिरत असतो आणि तो कमी झाला की खळबळ सुरू होते. मग त्या एक-दोन दिवसाच्या कामकरीच्याच अळ्या निवडतात, घर खालच्या बाजूला वाढवतात आणि शेवटपर्यंत शाही खाद्यच (रॉयल जेली) भरत राहतात. अंडं तेच, खुराक वेगळा. निवडलेली अळी आधीच चार-पाच दिवसांची (अंड्याचे तीन धरून) असते म्हणून सोळातून ते वजा करायचे, म्हणजे माझ्या पेटीत नवी राणी ११-१२ व्या दिवशी, १९-२० तारखेला निघणार.

ओळखीच्या एका पेटीवाल्यांनी तयार राणी देऊ केली होती, ते साठ पेट्या घेऊन कांद्याच्या डेंगळ्यांवर (बियाण्याच्या कांद्याच्या फुलोऱ्यावर) भाड्यानं आलेत शेजारच्या शिवारात. मी नको म्हटलं. पैशाचा प्रश्न नव्हता, मला बघायचंच होतं त्या स्वतः काय करतात. पण त्यांच्या पेट्या तिथं असणं हेच माझं खरं भाग्य, कारण कोवळ्या राणीला नर लागतात आणि मेलिफेराचे नर आपल्या रानात असेच नसतात. सातेरीचे नर ढीगभर असले तरी उपयोग शून्य, दोघींचा संकर होत नाही. शिवाय नराला अंड्यापासून बाहेर यायला २४ दिवस आणि वर तयार व्हायला अजून बारा-एक दिवस, म्हणजे आज लागणारा नर महिन्याभरापूर्वीच अंड्यात असायला हवा होता. माझ्या दोन पेट्यांत मिळून नर असतील शंभर-दीडशे, त्यातले पेटी २ चे बरेचसे तिच्याच नात्यातले.

१९ फेब्रुवारी, शिवजयंतीची सुट्टी. मुद्दाम मुक्कामाला गेलो. रात्री साडेनऊला पेटीला कान लावून बसलो, मामी टॉर्च घेऊन बघायला आल्या की हा काय करतोय. पंधरा मिनिटं नुसती घरघर, आणि मग आलं, टूऽऽऽ, टूट, टूट, टूट, लहान पोराच्या पिपाणीसारखं. दोन सेकंद शांतता. मग दुसरीकडून खालच्या सुरात क्वाक क्वाक क्वाक, बदकासारखं, दाबून ठेवल्यासारखं. पहिली बाहेर आलेली राणी, दुसरी अजून बंद घरातली. पहिली छाती पोळ्याला टेकवून पंख न पसरता उड्डाणाचे स्नायू थरथरवते आणि तो आवाज पोळ्यातून सगळीकडे जातो. पुस्तकात शंभरदा वाचलं होतं पण अंधारात कानाला लाकूड चिकटवून ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. मामींना पण ऐकवलं. म्हणाल्या, "अगंबाई, भांडतायत की काय या!"

भांडतच होत्या. २१ तारखेला दोन मिनिटं फक्त मधल्या फ्रेम उचलल्या (उचलायला नको होत्या, माहितीय), एक राणीघर टोकाला गोल कापलेलं, झाकण डबीच्या झाकणासारखं बिजागरीवर लटकत, म्हणजे तिथून राणी निघालेली. बाकी सहा बाजूनं फाडलेली. पहिली राणी असं बाजूला भोक पाडून आतल्या बहिणीला डंख मारते, कामकऱ्या उरलेलं उकरून साफ करतात. राणीच्या डंखाला कामकरीसारखे मोठे काटे नसतात म्हणून तो अडकत नाही, परत परत वापरता येतो.

यानंतर पेटी उघडायची नाही असं ठरवलं आणि पाळलं. कोवळी राणी पाच-सहा दिवसांनी उडते, दुपारच्या उन्हात, नर जमतात त्या ठिकाणी, दहा-वीस नरांशी मिलन हवेतच, आणि प्रत्येक नर तिथेच मरतो. तेवढं बीज ती पोटातल्या पिशवीत भरून घेते आणि जन्मभर त्यावर काढते. या काळात माणूस फ्रेम उचलत बसला आणि ती परत आली तर घर चुकायचा धोका. त्यापेक्षा मोठा धोका तारेवर बसलेले वेडे राघू, अकरा मोजले मी एका रविवारी, प्रत्येकाच्या चोचीत माशी. एक राघू, एक राणी, संपला विषय.

उघडायचं नाही म्हटल्यावर पेटी २ ची एक फ्रेम बाहेर धरून नाच बघत बसलो, फुलं कुठल्या दिशेला आणि किती लांब हे माश्या एकमेकींना नाचून सांगतात तो. सकाळचे साडेआठ, सूर्य पूर्वेला, आणि एक माशी पोट हलवत सरळ खाली पळतेय, मग वळसा घालून परत वर, परत खाली. पोळ्यावर वर म्हणजे सूर्याकडे, खाली म्हणजे सूर्याच्या उलट, म्हणजे पश्चिम. हलवत पळणं साधारण अर्धा सेकंद, म्हणजे अर्धा किलोमीटरच्या आसपास, एक सेकंदाला ढोबळ एक किलोमीटर धरतात. कार्ल फॉन फ्रिशना १९७३ च्या नोबेलपर्यंत नेणारा नाच तो हाच. पश्चिमेला अर्ध्या किलोमीटरवर काय आहे? शेवग्याची बाग. मामांचे डेंगळे पूर्वेला, पेटीपासून शंभर पावलं. मामा म्हणाले, "अरे तुझी इटालियन माझा कांदा सोडून लोकाच्या शेवग्यावर काय करतेय?" कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, माश्यांना तो फारसा रुचत नाही, दुसरं काही फुललं की पळतात, हे मामांना सांगून झालं पण पटलेलं नाही.

१ मार्चला दिवस २१, जुन्या राणीचा शेवटचा कामकरी पिलावा निघून गेला असणार. होळीच्या आसपास हवा स्वच्छ होती, वारा कमी, उडायला चांगली.

८ मार्च, दिवस २८. उघडलं. अंडं नाही. चार वेळा बघितलं, सूर्य पाठीवर घेऊन, मोबाईलचा टॉर्च मारून, नाही. एवढंच दिसलं की मधल्या दोन फ्रेमवरची घरं चाटून चकाचक केलेली, आणि त्यांच्याभोवती मध-परागाची कड. घासून ठेवलेली भांडी असावीत तशी. हे चांगलं लक्षण, पण माझ्या डोक्यात दुसरंच, की राणी राघूनं खाल्ली आणि आता कामकऱ्या अंडी घालायला लागतील. पिलावा नसला की काही आठवड्यात त्यांची बीजकोशं जागी होतात आणि मिलन नसल्यानं त्यांच्या अंड्यांतून सगळे नरच. मग पेटी सावरणं फार अवघड.

म्हणून टेस्ट फ्रेम दिली, पेटी २ मधली अंडी आणि बारीक अळ्या असलेली. राणी नसेल तर यावर राणीघरं बांधतील, असेल तर नाही. जाता जाता पिठीसाखरेत अर्धा कप माश्या (साधारण ३००) घोळवून व्हरोआ (माश्यांच्या अंगावर जगणारे परजीवी माइट) मोजले, १४ निघाले. आकडा मोठा वाटतो, पण पिलावाच नाही म्हटल्यावर लपायला जागा नाही, सगळे माइट माश्यांच्याच अंगावर.

१४ मार्च, दिवस ३४. टेस्ट फ्रेमवर एकही राणीघर नाही! शेजारची फ्रेम तिरकी धरली आणि घराच्या तळाशी, बरोब्बर मधोमध, बारीक शेवईचं तुटकं टोक उभं रोवावं तशी अंडी. कडेला शाही खाद्याच्या थेंबात वळलेल्या सुईच्या टोकाएवढ्या अळ्या पण. मग एका घरात दोन अंडी दिसली आणि पोटात गोळा आला, कामकऱ्या? पण त्यांचं पोट आखूड, त्यांची अंडी तळापर्यंत पोचत नाहीत, भिंतीला चिकटतात आणि एका घरात चार-पाच असतात. ही दोन्ही तळालाच होती. नवशिकी राणी सुरवातीला अशी चुकते.

टेस्ट फ्रेमवरच्या अळ्यांची घरं मात्र आता बंद झाली होती. व्हरोआ घर बंद व्हायच्या जरा आधी अळीखाली जाऊन दडतो, आणि पेटीत बंद होणारा पिलावा तेवढाच, म्हणजे न ठरवता सापळाच लागला होता. चिमट्यानं वीस झाकणं उघडली, सातमध्ये लालसर तपकिरी, चपटं, बटणासारखं. तो तळहाताएवढा तुकडा सुरीनं कापून मामांच्या कोंबड्यांना दिला. नव्या राणीचा पिलावा अजून उघडा, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हरोआ मारायला ऑक्झॅलिक ॲसिड दिलं, लिटरभर एकास एक पाकात ३५ ग्रॅम, दोन फ्रेममधल्या प्रत्येक फटीत ५ मिली, हातमोजे आणि चष्मा घालून. हे बंद पिलाव्याच्या आत पोचत नाही म्हणूनच हा आठवडा सोडायचा नव्हता. मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवलेली नव्हती.

१९ मार्च, पाडवा. गुढी उभारून, श्रीखंड बाजूला ठेवून शेतावर. पहिली झाकणं लागली होती, सपाट, बिस्किटी रंगाची. घुमटासारखी फुगीर असती तर नर, सपाट म्हणजे कामकरी, म्हणजे राणीचं मिलन झालंय. तळपाटावर व्हॅसलिन लावून ठेवलेल्या कागदावर मेलेले माइट ८६ मोजले, मग कंटाळलो.

राणी पण दिसली, जुनीपेक्षा काळपट, लांब, घाबरट. पांढरा मार्कर हातात होता (२०२६ म्हणजे पांढरा), अंगठा आणि बोटात धरायला गेलो आणि हात थरथरायला लागला. ठेवली तशीच. फ्रेम आत सोडायला या वेळी पूर्ण एक मिनिट घेतलं, मामा मागून म्हणाले, "झोपलास का रे?"