सगळीच गांडुळं माती खात नाहीत

कंपोस्टच्या डब्यातली चार गांडुळं उचलून कुंडीत टाकली की झालं, कुंडी सुपीक, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ती तिथे बहुतेक टिकत नाहीत, कारण त्यांना माती नकोच असते मुळी, त्यांना हवा असतो ओला सडका पाला. ते लालसर, फिकट पट्ट्यांचं आयसेनिया फेटिडा, खतवाल्यांचं लाडकं, ते असं वरच्या थरातलं. बागेत खणताना निघणारं फिकट गांडूळ वेगळं, ते माती खात खात आडवं फिरतं. आणि तिसरी जात माझी आवडती, उभं खोल बीळ करायचं, रात्री वर यायचं आणि पडलेलं पान धरून आत ओढून न्यायचं!

डार्विन या पान ओढण्यावर इतका खूश होता की मरणाच्या आदल्या वर्षी, 1881 साली, त्याने गांडुळांवर अख्खं पुस्तक काढलं. त्यांच्यापुढे पियानो वाजवून बघितला, ढिम्म. मग कुंडीच पियानोवर ठेवून सूर वाजवला तर गांडुळं झटकन बिळात, म्हणजे कान नाहीत पण कंपनं बरोब्बर कळतात. एवढ्या मोठ्या माणसाने म्हातारपणी हे उद्योग करावेत हे मला फार भारी वाटतं.

बाकी डब्यात दोऱ्यासारखे बारीक पांढरे किडे दिसले की लोक घाबरून सगळं फेकून देतात, उगाच. ते पॉटवर्म, गांडुळांचेच छोटे नातेवाईक, खत फार ओलं आणि आंबट झालंय एवढंच सांगतात, थोडा सुका पाला मिसळा की कमी होतात. सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिबारीक धाग्यासारखे कृमी (नेमाटोड), तर बहुतेक डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यातले कितीतरी नुसते बॅक्टेरिया खातात, मुळांवर गाठी आणणारे थोडे, पण बदनाम सगळे.

राग काढायचाच तर हुमणीवर काढा, ती पांढरी, जाडजूड, इंग्रजी सी सारखी वळलेली. ती कृमी नाहीच, भुंगेऱ्याची अळी, आणि जिवंत मुळं कुरतडते. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या मात्र दिसायला किळसवाण्या असल्या तरी ओला कचरा भराभर संपवतात, फक्त कोषात जायची वेळ आली की कोरडी जागा शोधत स्वतःच डब्याबाहेर निघतात, तेव्हा झाकण नीट लावा नाहीतर सकाळी घरभर अळ्या.