वाचनालयाचा प्रोग्रॅम जीटीके ४ वर नेताना

२०२४ च्या दिवाळीत ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अहो, नवीन लॅपटॉपवर तुमच्या प्रोग्रॅममध्ये शत्रूचा 'शत्र' झालाय. आणि वरच्या बटणांवरची चित्रं मुंगीएवढी दिसतायत."

प्रोग्रॅम माझाच. आमच्या तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयासाठी २००९ मध्ये सी भाषेत लिहिलेला. दाखल नोंदवही, सभासद, वर्गणी, अनामत आणि रोजची देवघेव, एवढंच त्याचं काम. माहिती एसक्यूलाइटमध्ये आणि खिडक्या, बटणं, याद्या यांच्यासाठी जीटीके २ हा तयार फंक्शनांचा संच. पंधरा वर्षं तो फारशी कुरकुर न करता चालला, म्हणून मीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. मग एका देणगीदारानं नवा लॅपटॉप दिला. त्याचा पडदा दाट पिक्सेलांचा. यंत्रणेनं अक्षरं दुप्पट करून घेतली, पण 'आजची देवघेव' ही यादी मी स्वतःच्या हातानं काढत होतो आणि त्यात प्रत्येक ओळीची उंची मोजून वीस पिक्सेल ठेवली होती. वीस पिक्सेलात दुप्पट आकाराचा त्रू कुठला मावणार? खालचा ऊकार कापला गेला. चित्रांचा दोष मात्र माझा नव्हता. दाट पडद्यासाठी चित्रं मोठी करायची हे जीटीके २ ला ठाऊकच नव्हतं, ती सोय जीटीके ३ च्या वाटचालीत मध्येच कधीतरी आली.

वीसचे चाळीस करून त्या संध्याकाळी वेळ मारून नेता आली असती. मी तेच केलं आणि ताईंना पाठवून दिलं. पण मग जीटीकेचं काय चाललंय ते बघायला गेलो आणि जरा ओशाळलो. जीटीके २ ची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये निघाली होती आणि त्याच महिन्यात ४.० आली होती. मधली तिसरी पिढी २०११ ची. म्हणजे मी दोन पिढ्या मागे. नावातलं अधिकचिन्हसुद्धा त्यांनी २०१९ मध्ये काढून टाकलं होतं, मी अजून 'जीटीके प्लस'च म्हणत होतो.

पहिला प्रयत्न सरळ दोनवरून चारवर उडी मारायचा. हेडर बदलले, मेकफाइल बदलली, कंपाइल केलं. एररी टर्मिनलवरून पुराच्या पाण्यासारख्या वाहत गेल्या. पहिली दुरुस्त केली की खालच्या चाळीस नाहीशा व्हायच्या आणि नव्या साठ यायच्या. दोन रात्री अशा घालवल्यावर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, सगळं मागे फिरवलं आणि आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. जीटीकेच्या दस्तऐवजात स्थलांतराची प्रकरणं आहेत आणि दोन्हींची सुरुवात एकाच सूचनेनं होते: आहात त्याच आवृत्तीत आधी साफसफाई करा, मग पुढे या. दोनमध्ये असतानाच दोनमधलं जुनं काढा, तिसरीवर या, तिसरीच्या शेवटच्या मालिकेत, म्हणजे ३.२४ मध्ये, पुन्हा तेच करा, मग चौथी. दिवाळीचा फराळ संपल्यावर मी त्या रस्त्याला लागलो.

दोनमधल्या साफसफाईला दोन-तीन व्याख्या कंपायलरला द्यायच्या असतात. एक दिली की डेप्रिकेटेड, म्हणजे 'चालतंय, पण वापरू नका' अशी खूण केलेली फंक्शनं दिसेनाशी होतात. दुसरी मला फार आवडली. तिचं नाव जीसील, आणि ती खरोखरच सील लावते. विजेटच्या, म्हणजे बटण, यादी अशा पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूच्या, स्ट्रक्चरमधल्या आतल्या घटकांची नावंच ती बदलून टाकते, नावाच्या आधी 'सील्ड' असं जोडून. त्यामुळे तुम्ही विजेटच्या पोटात हात घालून त्याची रुंदी किंवा त्याची खिडकी थेट उचलत असाल, तर कंपायलर म्हणतो, असं काही इथे नाही. मी सगळीकडे पोटातच हात घातले होते. डायलॉगच्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडकीच्या, आतली पेटी थेट उचललेली, रुंदी-उंची थेट वाचलेली, एके ठिकाणी तर थेट लिहिलेली! आणि हे सील २००८ मध्ये २.१४ मध्ये आलेलं. म्हणजे मी लिहायला बसलो तेव्हा कुलूप दारात होतं, मीच ते लावलं नाही.

हे काम कंटाळवाणं होतं पण अवघड नव्हतं. रोज रात्री जेवणानंतर तासभर, एका कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या एका नोंदीत, एकच प्रकारचा बदल. ही शिस्त मी जीटीकेच्याच गिटमधून उचलली. एखादं फंक्शन का गेलं हे शोधायला मी त्यांच्या इतिहासात जायचो, तर तिथे एकेका कमिटमध्ये एकच गोष्ट उचलून बाहेर ठेवलेली असायची, कारण कधी एका ओळीत, कधी चांगलं परिच्छेदभर. घर आवरताना आई एका वेळी एकच कपाट रिकामं करायची, त्याची आठवण झाली.

तिसरीवर आल्यावर माझ्या हातानं काढलेल्या यादीचा प्रश्न आला. दोनमध्ये 'एक्स्पोज' हा सिग्नल यायचा आणि मी थेट पडद्यावर अक्षरं उमटवायचो. तिसरीत ती सगळी फंक्शनं गेली, काढायचं ते कैरो या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीनं काढा. चौथीत तेही बदललं: विजेट स्वतः काही काढत नाही, काय काढायचं त्याची यादी फक्त हाती देतं, आणि ती पुढे ग्राफिक्स कार्डाकडे जाते. म्हणजे तेच पान मी दोनदा नव्यानं लिहिलं. पण या निमित्तानं वीस पिक्सेल गेले. आता ओळीची उंची मी ठरवत नाही, पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीला विचारतो की या फॉन्टमधली ही ओळ किती जागा घेणार. देवनागरीत वर रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजी अक्षर समोर ठेवून उंची ठरवली की कधीतरी काहीतरी कापलं जाणारच. मराठी लिहिणाऱ्या मला हे पंधरा वर्षांपूर्वी सुचू नये, याचं वाईट वाटलं.

तिसरी आवृत्ती जानेवारीत चालू झाली आणि वाचनालयात गेली. खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. मार्च २०२५ मध्ये गिम्प या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅमची ३.० आवृत्ती आली तेव्हा मला जरा धीर आला. जीटीके जन्मालाच आलं ते गिम्पसाठी, नावातला पहिला 'जी' गिम्पचा. आणि त्या गिम्पला तिसऱ्या पिढीवर यायला चौदा वर्षं लागली. मग आमच्या वाचनालयानं काय घोडं मारलंय!

तरी चौथीकडे गेलो. सुरुवातीचा बदल यंत्रासारखा होता. 'कंटेनर' हा सगळ्यांचा समान बाप काढून टाकलेला, त्यामुळे पूर्वी काहीही कशातही 'अ‍ॅड' करायचं ते बंद. पेटीला शेवटी जोडा, खिडकीला तिचं एकमेव मूल द्या, अशी ज्याची त्याची फंक्शनं. निम्मं काम शोधा-बदला यावर झालं. मग प्रोग्रॅम उघडला आणि दंडाची चौकट, जी फक्त ताईंच्या पासवर्डनंतर दिसायला हवी, ती पहिल्याच पानावर हजर. पूर्वी विजेट जन्मतःच अदृश्य असायचं आणि दाखवा म्हटलं तरच दिसायचं. चौथीत उलट आहे. माझा लपवाछपवीचा सगळा हिशेब 'मी दाखवलंच नाही' यावर उभा होता.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते डायलॉगनं. 'हे पुस्तक परत घेऊ का?' असं विचारायचं, प्रोग्रॅम तिथेच थांबायचा, ताई 'हो' दाबायच्या, मग पुढची ओळ. हे थांबून राहणारं फंक्शनच चौथीत नाही. आता तुम्ही प्रश्न टाकून निघून जायचं, उत्तर आलं की दुसरं फंक्शन बोलावलं जातं. मला राग आला. चांगली सरळ चाललेली गोष्ट कापून तिचे दोन तुकडे करायचे, कशासाठी? चिडूनच केलं, आणि पहिल्याच चाचणीत 'हो' दाबल्यावर प्रोग्रॅम साडेतीन कोटी क्रमांकाचं पुस्तक शोधायला लागला. आमच्याकडे जेमतेम अठरा हजार पुस्तकं. दाखल क्रमांक मी फंक्शनमधल्या स्थानिक चलात ठेवून त्याचा पत्ता पुढे दिला होता. पूर्वी उत्तर येईपर्यंत फंक्शन जिवंत असायचं. आता ते प्रश्न टाकून केव्हाच संपलेलं, आणि त्या पत्त्यावर भलताच कोणी राहायला आलेला.

ते निस्तरताना मला एक जुनं भूत सापडलं. दोन-तीन महिन्यांतून एकदा हा प्रोग्रॅम परतीच्या वेळी अचानक बंद पडायचा. ताई पुन्हा चालू करायच्या, मी 'बघतो' म्हणायचो, आणि बघायचो नाही. आता कळलं. ते जुनं फंक्शन 'थांबून' राहतंय असं वाटायचं, पण आत ते सगळं चक्र पुन्हा फिरवत असायचं, म्हणजे माझा मिनिटामिनिटाला यादी ताजी करणारा टायमरही चालूच. डायलॉग उघडा असताना टायमर आला की यादी पुसून नव्यानं भरायची, आणि मग 'हो' दाबल्यावर मी पुसलेल्या यादीतल्या ओळीला हात घालायचो. ताई उत्तर द्यायला मिनिटभर रेंगाळल्या, समोरच्या सभासदाशी दोन शब्द बोलल्या, की प्रोग्रॅम कोसळायचा. पंधरा वर्षं मी याचा दोष लॅपटॉपच्या मेमरीला देत होतो.

पुस्तकांची मोठी यादी नव्या पद्धतीनं लिहावी की जुनी ठेवावी, यावर बराच घोळ घातला. जुनी झाडयादी ४.१० पासून डेप्रिकेटेड आहे, पण चालते. शेवटी नवी लिहिली. यात पडद्यावर मावतील तेवढ्याच ओळींचे विजेट बनतात आणि खाली सरकवलं की तेच विजेट दुसऱ्या पुस्तकासाठी वापरले जातात. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत उठली की त्याच पाटांवर दुसरी बसते, तसं. मी मात्र पहिल्या पंगतीची पानं उचललीच नाहीत. प्रत्येक ओळीतल्या 'परत' या बटणाला जोडलेला हँडलर, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारं फंक्शन, सोडवायला विसरलो. यादी दोनदा वरखाली केली आणि एक बटण दाबलं, तर तीन पुस्तकं परत आली. नशीब, चाचणीचा डेटाबेस होता.

सगळं आवडलं असं नाही. घड्याळाशेजारी बसणारं छोटं चिन्ह काढून टाकलंय. वर्गणी थकलेल्या सभासदांचा आकडा मी तिथे दाखवायचो, तो आता खिडकीतच दाखवावा लागतो. आणि एक साधा रंग बदलायला सीएसएस, म्हणजे वेबपानांच्या सजावटीची भाषा, लिहायची, हे माझ्या गळी अजून उतरलेलं नाही.

मे महिन्यात मी लॅपटॉपवर चौथी आवृत्ती बसवून आलो. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन. छातीत धस्स झालं.

"अहो, आता मराठीत असतानाच सेव्ह होतंय."

"म्हणजे? आधी होत नव्हतं?"

"छे. कंट्रोल आणि एस दाबलं तरी काही व्हायचं नाही. मी आधी कीबोर्ड इंग्रजी करायचे, मग दाबायचे, मग परत मराठी. मला वाटलं असंच असतं."

पंधरा वर्षं, दिवसाला पन्नास-साठ नोंदी. मी कळ तपासताना 'एस हे अक्षर आलं का' असं विचारत होतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत एसच्या कळीवर एकाराची मात्रा असते. कीबोर्ड मराठीत असला की माझ्या प्रोग्रॅमला कंट्रोल आणि मात्रा दिसायची, आणि त्याला ते काही कळायचं नाही. चौथीवर येताना कळा तपासणारं माझं हातचं पान उडवलं आणि शॉर्टकट जीटीकेच्या हवाली केले. अक्षर जुळलं नाही तर जीटीके चालू भाषा बाजूला ठेवून कळ जुळते का तेही बघतं. हा बग मी दुरुस्त केलेलाच नाही. माझा कोड काढला, तेव्हा तोही गेला.

वर्गणीच्या पावतीच्या खिडकीत अजून जुनाच डायलॉग आहे, कंपाइल करताना सात इशारे तिथूनच येतात. दरम्यान ४.१८ मध्ये त्यांनी एक्स ११ ची, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेची, बाजूही डेप्रिकेटेड केली. आमचा लॅपटॉप तिच्या जागी आलेल्या वेलँडवर आहे, त्यामुळे ती चिंता नाही. ताईंना पावतीवर सभासदाचं नाव जरा मोठं हवंय. ते करायला त्या फाइलमध्ये शिरेन तेव्हा सातही काढीन.