बरडावरचे दगड

माझ्याकडे एक जेसीबी आणि दोन टिप्पर आहेत. काम मुरुमाचं, नाहीतर लेआउट सपाट करायचं. नागपूरच्या आसपास लेआउटला आधी बरड, म्हणजे खडकाळ माळजमीन, जाते. तिथं पराटी (कपाशी) धड होत नाही न् तूरही, मुरुम हाताशी असतो, पाया पक्का बसतो. कास्तकार खुशीनं विकतो.

अडीच-पावणेतीन हजार वर्षांमागच्या लोकांचाही हिशोब असाच होता बहुतेक. नदीकाठची काळी जमीन वस्तीला न् शेतीला, बरड मेलेल्यांना. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, कुठंही पहा, शिळावर्तुळं खडकाळ माळावरच. मोठ्या दगडांचं रिंगण, आत गोट्यांचा भराव, त्याखाली माणूस, त्याची भांडी, लोखंडी हत्यारं. माहुरझरीला तर तांब्याचे दागिने घातलेला घोडाही सापडला. पेंचकाठी नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. आपल्या भागात कारखानदारी बुटीबोरीपासून सुरू झाली असं समजणाऱ्यांनी हे वाचावं.

म्हणजे माझी मशीन जिथं जाणार, नेमकं तिथंच हे.

गेल्या उन्हाळ्यात एका लेआउटवाल्यानं बोलावलं. माळावर दोन रिंगणं, एक अर्धं मोडलेलं. मी म्हटलं, "भाऊ, आधी तहसीलला कळवा." तो म्हणे, "काहून? सरकारनं जागाच अडकवली तं?" मी बाकीचा प्लॉट सपाट केला, रिंगणं सोडली. आठवड्यानं पाहिलं तर दुसऱ्या कुणाच्या मशीननं तेही साफ. दगड कंपाउंडच्या पायात गेले असतील.

त्याची भीती अगदीच खोटी नाही. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगीचे. पण हे यादीतल्या जागांना लागू. यादीबाहेरचं रिंगण म्हणजे कायद्याला नुसते दगड. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा. दहा रुपयांवरचा ऐवज जमिनीत सापडला तर कलेक्टरला कळवायचं. आता कास्तकार अकीकाचा एक मणी घेऊन कलेक्टर ऑफिसात जाणार? माहुरझरीत पावसानंतर वावरात मणी वर येतात, ते विकत घेणारेही फिरतात. विकणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. पण मणी कुठल्या थरात, कशाजवळ होता हे गेलं, की उरतो तो नुसता रंगीत दगड. माहुरझरीत मणी घडवायचे, त्याचे अर्धवट घडलेले तुकडेही मिळाले. ते तुकडे कोणी विकत घेत नाही, न् खरी माहिती त्यांच्यातच असते.

सरकारी प्रकल्पांचंही वेगळं नाही. बुलढाण्यात पूर्णेकाठी भोनला विटांचा स्तूप निघाला, न् तो जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात.

इंग्लंडमध्ये १९९० पासून बिल्डरच उत्खननाचा खर्च देतो. ऐकायला झकास. पण तिथं खोदणाऱ्या कंपन्या कमी भावावर काम पकडतात न् कित्येक अहवाल फायलीतच राहतात. हे मला समजवायची गरज नाही. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या टेंडरनं बांधलेला रस्ता पहिल्या पावसात कसा होतो, ते मी रोज टिप्परमधून पाहतो. ज्याला जमीन लवकर रिकामी हवी, त्यानंच खोदणारा निवडला तर तो 'काही नाही सापडलं' असंच लिहून देईल.

मुरुमाची रॉयल्टी आम्ही ब्रासवर भरतोच. तिच्यासोबत दोन पैसे जास्त घ्या, ते जिल्ह्यात जमा ठेवा, न् मशीन उतरायच्या आधी विद्यापीठाचे लोक माळावर पाठवा. चार दिवस मशीन उभी राहिली तर भाडं मला द्या, म्हणजे माझीही तक्रार नाही.